जखम आणि ओलावा

जखम उघडी ठेवावी, तिला वारा लागूं द्यावा, ती वाळली म्हणजे बरी झाली, ही समजूत सुशिक्षित घरांतूनहि आढळते. तिला अनुभवाचा आधार मुळींच नाहीं असें नव्हे. जखमेंत पू झाला कीं माणूस दगावे. तेव्हां ओलावा हाच जखमेचा शत्रु, असें अनुमान सहज निघालें. पुवाचा ओलावा आणि बऱ्या होणाऱ्या जखमेचा ओलावा या दोन वस्तु भिन्न आहेत, हें सिद्ध होण्यास मात्र फार काळ लागला, आणि त्या विलंबाची किंमत रोग्यांनीं मोजली.

प्राचीनांना या बाबतींत कांहींच कळत नव्हतें असेंहि नाहीं. सुश्रुतानें व्रणाचे साठ उपक्रम सांगितले आहेत. त्यांत मृदुकर्म आहे तसेंच दारुणकर्महि आहे. म्हणजे कठीण व्रण मऊ करावा व फाजील मऊ झालेला कठीण करावा, असा दोन्ही बाजूंचा विचार तेथें दिसतो.

युरोपांत सोळाव्या शतकांत बंदुकीची जखम विषारी मानीत आणि तें विष जाळण्यासाठीं तींत उकळतें तेल ओतीत. १५३७ च्या सुमारास तुरिनच्या मोहिमेंत आंब्रवाझ पारे या तरुण फ्रेंच शस्त्रवैद्याजवळचें तेल संपलें. निरुपायानें त्यानें अंड्याचा बलक, गुलाबाचें तेल व टर्पेंटाइन यांचा लेप लाविला. आपले रोगी विषानें मरतील या भीतीनें त्यास रात्रीं झोंप आली नाहीं. पहांटे पाहतो तों लेपाचे रोगी शांत, आणि तेलाचे रोगी ज्वरानें व सुजेनें तळमळत होते.

पुढें १८६५ सालीं ग्लासगो येथें जोसेफ लिस्टर यानें कार्बोलिक ॲसिडाचा वापर करून जखमेंतील जंतूंना पायबंद घातला. पण जंतुनाशक औषध नव्या मांसासहि बाधतें, हें त्याच्या ध्यानांत आलें होतें. म्हणून तो जखम व औषधी पट्टी यांच्यामध्यें तेलिया रेशमाचा पापुद्रा घालूं लागला.

भाजलेल्या अंगावर टॅनिक ॲसिड लावण्याची पद्धति १९२५ मध्यें अमेरिकेंत निघाली. त्यानें जखमेवर कठीण, कोरडें कवच येई. दुसऱ्या महायुद्धांत वैमानिकांचे चेहरे व हात जळाले, तेव्हां या कवचाखालीं बोटें आखडून निकामी होऊं लागलीं. ईस्ट ग्रिन्स्टेड येथील आर्चिबाल्ड मॅकिन्डो यास असें आढळलें कीं, जे वैमानिक समुद्रांत पडले होते त्यांच्या जखमा इतरांपेक्षां चांगल्या स्थितींत असत. त्यानें टॅनिक ॲसिड सोडलें, आणि मिठाच्या कोमट पाण्याचें स्नान व न चिकटणाऱ्या स्निग्ध पट्ट्या यांचा अवलंब केला.

शास्त्रीय पुरावा १९६२ सालीं मिळाला. इंग्लंडांत जॉर्ज विंटर यानें डुकरांच्या अंगावरील कांहीं उथळ जखमा उघड्या ठेविल्या व कांहीं पॉलिथिनच्या पातळ पापुद्र्यानें झांकल्या. झांकलेल्या जखमांवर नवी त्वचा सुमारें दुप्पट वेगानें पसरली. उघड्या जखमेवर खपली धरते. तेव्हां नव्या त्वचेच्या पेशींना त्या शुष्क थराखालून, ओल सांपडेल तेथून, वाट काढावी लागते. ओलसर पृष्ठभागावर त्या सरळ पुढें सरकतात. दुसऱ्याच वर्षीं माणसांवरील प्रयोगांतहि हेंच दिसून आलें.

परंतु जखम भिजत ठेवावी, असा याचा अर्थ नव्हे. रस फार सांचला म्हणजे भोंवतालची धड कातडी, फार वेळ पाण्यांत राहिलेल्या बोटांसारखी, पांढरी व लिबलिबीत होते आणि जखम वाढते. म्हणून कोरड्या जखमेस ओल देणारी व वाहत्या जखमेस रस शोषणारी पट्टी निवडावी लागते. समुद्रशेवाळापासून केलेल्या पट्ट्या या दुसऱ्या कामास येतात. जंतूंनीं दूषित झालेली जखम कोंडून ठेवणें धोक्याचें असतें. आणि रक्तपुरवठा तुटून काळें व कोरडें पडलेलें बोट वैद्य सहसा कोरडेंच ठेवितात.

या तोलाचा उपयोग मुंबईंतहि झाला आहे. येथील वाडिया बाल-रुग्णालयांत १९८५ च्या सुमारास भाजलेल्या जखमांवर उकडलेल्या बटाट्यांच्या सालींच्या पट्ट्या बांधण्यांत आल्या. पुढें शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयांत निर्जंतुक केलेल्या केळीच्या पानांचा तसाच प्रयोग झाला. पानामुळें जखम सुकत नाहीं व पान तिला चिकटत नाहीं. त्यामुळें पट्टी बदलतांना नवी कातडी सोलली जात नाहीं, रोग्याच्या वेदना कमी होतात, आणि महाग पट्टी ज्यास परवडत नाहीं त्यासहि हा उपचार मिळूं शकतो.