गळाच्या काठीची पारख

सोलापुराहून बार्शीकडे जाणाऱ्या रस्त्यावर वैराग ही जुनी पेठ लागते. भोंवतालचा मुलूख काळ्या जमिनीचा, ज्वारीचा आणि वरचेवर पडणाऱ्या अवर्षणाचा. चैत्र लागला कीं ओढेनाले कोरडे ठणठणीत पडावे आणि भोगावतीच्या पात्रांत वाळूच अधिक दिसावी, अशी येथली रीत. अशा मुलखांत गळानें मासे धरण्याविषयीं, त्यांतही गळाच्या काठीविषयीं, निबंध लिहावा हें पुष्कळांस थट्टेचें वाटेल. परंतु इतिहासाची साक्ष निराळी आहे. या मुलखावर ज्या घराण्याचें राज्य होतें, त्याच घराण्यांतील एका राजानें आठ शतकांहून अधिक काळापूर्वीं या विषयावर संस्कृतांत एक स्वतंत्र प्रकरण लिहून ठेविलें आहे. आणि बेताच्या ऐपतीच्या माणसानें काठी कशी निवडावी, या आजच्या प्रश्नाचा धागाही तेथपर्यंत नेऊन पोंचवितां येतो.

हा राजा म्हणजे कल्याणीच्या चालुक्यांपैकीं तिसरा सोमेश्वर. कल्याणी म्हणजे सोलापुराच्या पूर्वेचें, आज कर्नाटकांत असलेलें बसवकल्याण. सोमेश्वर ११२६ पासून ११३८ पर्यंत गादीवर होता. ‘भूलोकमल्ल’ हें त्याचें बिरुद. परंतु त्याची कीर्ति राहिली ती मल्लविद्येमुळें नव्हे, तर ‘मानसोल्लास’ अथवा ‘अभिलषितार्थचिंतामणि’ या ग्रंथामुळें. पांच विंशति आणि शंभर अध्याय असा या ग्रंथाचा विस्तार आहे. मराठीच्या अभ्यासकांस तो परिचित आहे तो मुख्यतः त्यांत आलेल्या जुन्या मराठी पदांच्या तुकड्यांसाठीं. त्याच ग्रंथाच्या चौथ्या विंशतींत, राजाच्या विनोदांचें वर्णन करतांना, ‘मत्स्यविनोद’ नांवाचें प्रकरण येतें. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत श्रीगोंदेकरांनीं या ग्रंथाचें संपादन केलें, आणि १९५१ सालीं सुंदरलाल होरा या नामांकित मत्स्यशास्त्रज्ञानें या प्रकरणावर स्वतंत्र लेख लिहून त्याचें महत्त्व विद्वानांच्या नजरेस आणून दिलें.

मत्स्यविनोदांत सुमारें पस्तीस प्रकारच्या माशांचीं नांवें आहेत. समुद्रांतले व नदींतले, खवल्यांचे व बिनखवल्यांचे, मोठे व लहान अशी त्यांची वर्गवारी केलेली आहे. कोणत्या माशास कोणतें अन्न रुचतें, त्यांस एका जागीं अन्न घालून तें खाण्याची संवय कशी लावावी, दोरी कशी वळावी, काठी, गळ आणि आमिष हीं कशीं असावींत, याची माहिती राजा देतो. यांतली मर्माची गोष्ट अशी कीं, ज्याच्या खजिन्यास कशाची वाण नव्हती तो राजासुद्धां किंमतीपासून आरंभ करीत नाहीं. मासा कोणता आणि तो खातो काय, हें ज्याला ठाऊक नाहीं त्याच्या हातांतील उत्तम काठीही व्यर्थ, असाच या प्रकरणाचा एकंदर रोख आहे.

आतां काठीचें काम काय, तें आधीं ध्यानांत घेतलें पाहिजे. वरवर पाहतां ती दोरी लांब धरण्याची दांडी दिसते. पण वस्तुतः ती धनुष्याच्या जातीची आहे. आमिष दूर फेंकणें, माशाची हलकीशी टोंचणीसुद्धां हाताला कळविणें, आणि मासा ओढूं लागला म्हणजे स्वतः वांकून त्याचा जोर जिरविणें, हीं तिचीं तीन कामें. ताठ काठीनें दोरी तुटते. अति लवचिक काठीनें गळ माशाच्या जबड्यांत रुतत नाहीं. म्हणून शेंड्यापासून बुडापर्यंत क्रमाक्रमानें वांकणारी आणि सोडतांच सरळ होणारी काठी ती उत्तम काठी. हें लक्षण जगांत कोठेंही आणि कोणत्याही शतकांत बदललेलें नाहीं. बदलत गेलें तें फक्त द्रव्य.

इंग्लंडांत या विषयावरील पहिलें छापील पुस्तक १४९६ सालीं निघालें. म्हणजे सोमेश्वरानंतर साडेतीन शतकांहून अधिक काळानें. परंपरेनें तें ज्यूलियाना बर्नर्स नांवाच्या एका मठवासिनीचें मानितात. त्यांत काठी विकत कशी घ्यावी हें सांगितलेलेंच नाहीं; ती घरीं कशी करावी तें सांगितलें आहे. हिवाळ्यांत झाडाची सरळ फांदी तोडावी, भट्टींत शेकून ती सरळ करावी, बांधून वाळवावी, तापल्या तारेनें पोंखरावी आणि घरांतील धुरावर सुकवावी, असा तो खटाटोप आहे. पुढें १६५३ सालीं आयझॅक वॉल्टन या लंडनच्या एका साध्या व्यापाऱ्यानें आपलें प्रसिद्ध पुस्तक लिहिलें आणि गळ टाकणें हा सामान्य माणसाचा विरंगुळा म्हणून प्रतिष्ठित झाला.

बर्नर्सबाईंना जो खटाटोप सांगावा लागला तो आपल्याकडे निसर्गानेंच पुष्कळसा वांचविला आहे, कारण आपल्याकडे वेळू आहे. त्यांतही सगळे वेळू सारखे नव्हेत. मोठ्या पोकळीचा कळक छपराला चांगला. गळाला चांगला तो मेस, ज्यास भरीव वेळू अथवा नर बांबू म्हणतात. त्याचीं पेरें आखूड, पोकळी बारीक आणि अंगचा ताठपणा मोठा. पावसाळा सरल्यावर, निदान तीन वर्षें वाढलेला वेळू तोडावा, कांहीं दिवस पाण्यांत बुडवून ठेवावा, मग सावलींत वाळवावा. कोंवळ्या वेळूंत पिठाचा अंश व ओलावा अधिक असल्यामुळें त्यास भुंगा लवकर लागतो. पाण्यांत भिजविल्यानें तो अंश कमी होतो. वांकडें पेर मंद आंचेवर शेकून सरळ करितां येतें. हें शास्त्र बुरडांच्या हातांत पिढ्यान् पिढ्या आहे; वेळू उचलून, ठोकून, डोळ्याशीं धरून तो कसा निघेल हें सांगणारे कारागीर आजही आहेत.

काठी मेसाची खरी, पण ती लागणार कोणत्या माशाला? आपल्या नद्यांतील माशांची पहिली शास्त्रीय मोजदाद कर्नल साइक्स यानें केली. मुंबई सरकारनें १८२४ सालीं त्यास दख्खनची पाहणी करण्यास नेमलें होतें. भीमा आणि तिला मिळणाऱ्या नद्यांतील मासे पाहून १८३९ सालीं त्यानें त्यांचीं वर्णनें प्रसिद्ध केलीं. त्यानें लोकांच्या तोंडचीं नांवेंच लॅटिन पेहराव देऊन शास्त्रांत नेलीं. कोलुस, बोग्गट, सांडखोल हीं नांवें आजही जगाच्या प्राणिशास्त्रांत त्याच्या नांवासह चालतात. नदीकांठच्या भोई-कोळ्यांचें ज्ञान अशा रीतीनें अमर झालें, मात्र तें सांगणाऱ्यांचीं नांवें मागें राहिलीं नाहींत.

साइक्सनंतर आले ते छंदी अधिकारी. मद्रास इलाख्यांतील मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन टॉमस यानें १८७३ सालीं मंगळूर येथें ‘दि रॉड इन इंडिया’ हें पुस्तक काढलें. आपल्या नद्यांतील महसीर मासा त्याच वजनाच्या विलायती सामनपेक्षां अधिक झुंजतो, असें त्याचें मत होतें. या पुस्तकानें विलायतेंतील काठ्या हिंदुस्थानांत येण्याचा मार्ग रुंद झाला. पण येथें इतिहासानें एक मौजेची गांठ मारून ठेविली आहे. त्या काळीं अमेरिकेंत व इंग्लंडांत जी काठी सर्वोत्तम गणली जाई ती वेळू चिरून केलेली असे. वेळूचे सहा त्रिकोणी पट्टे काढावयाचे, आंतला मऊ गर टाकावयाचा, आणि सालीकडचा चिवट भाग बाहेर ठेवून ते सरसानें जोडावयाचे, म्हणजे सहा पैलूंची भरीव काठी तयार होई. आणि हा वेळू जाई कोठून? कलकत्त्याच्या बंदरांतून. ‘कलकत्ता केन’ हें त्याचें बाजारांतील नांवच होतें. आपल्या मुलखांतला वेळू सातासमुद्रांपलीकडे जाऊन, चिरला जाऊन, रेशमानें बांधला जाऊन, साहेबाच्या सामानांतून परत येई. आणि जातांना जो कवडीमोल होता तो येतांना सामान्य माणसाच्या आटोक्याबाहेर गेलेला असे. कापसाची जी कथा तीच या वेळूची.

विसाव्या शतकाच्या आरंभाच्या सुमारास कलकत्त्याच्या वेळूची जागा चीनमधील ‘टोंकिन’ वेळूनें घेतली. दुसऱ्या महायुद्धानंतर कांचेच्या तंतूंची काठी निघाली. १९५० सालीं अमेरिकेनें चीनशीं व्यापार बंद केल्यावर तिचा प्रसार झपाट्यानें झाला. १९७३ सालीं फेनविक या अमेरिकन कंपनीनें कार्बन-तंतूंची काठी बाजारांत आणली. अशा रीतीनें जी वस्तु एके काळीं रानांतून आणीत ती आतां कारखान्यांतून येते, आणि तिच्याबरोबर जाहिरातही येते. परंतु कांचेची काय, कार्बनची काय, प्रत्येक नवी काठी वेळूच्याच गुणांची बरोबरी करूं पाहते: पोकळ, निमुळती, क्रमानें वांकणारी.

हें सर्व ध्यानीं घेतलें म्हणजे आजच्या बेताच्या ऐपतीच्या गृहस्थानें काय करावें, याचें उत्तर कठीण राहत नाहीं. सोमेश्वराप्रमाणें आधीं पाणी आणि मासा पाहावा. सोलापूर जिल्ह्यांत आतां पाणी कमी असलें तरी तलाव बरेच आहेत. सोलापुराजवळचा एकरुखचा तलाव १८७१ चा; बार्शी तालुक्यांत हिंगणीचें धरण; आणि भीमेवर १९८० सालीं पुरें झालेलें उजनीचें अफाट जलाशय. या पाण्यांत आज मिळतात ते मुख्यतः परदेशांतून आलेला चिलापी, बंगालकडून आणून सोडलेले कटला व रोहू, आणि आपले जुने मरळ, वाम, शिंगटा. चिलापीसाठीं तर दहा-बारा फुटांचा निवडक मेस, बारीक दोरा आणि मोरपिसाची तरंडी एवढ्यावर काम भागतें. मात्र वेळू गुळगुळीत करण्याच्या हौसेनें त्याची साल तासूं नये. विलायती कारागिरांनीं गर टाकून साल राखली ती उगीच नव्हे. वेळूचें सारें बळ त्या सालींतच आहे.

दूर फेंकावयाचें असेल अथवा मोठा मासा धरावयाचा असेल तर रीळ लावण्याची काठी घ्यावी. तलावाकांठीं सात-आठ फुटांची पुरते. नवशिक्यानें कांचेच्या तंतूंची घेतलेली बरी. ती कार्बनपेक्षां जड खरी, पण दगडावर आपटली, मुलांनीं ओढली, तरी सहज तडकत नाहीं. दुकानांत तिच्यावरील सोनेरी अक्षरें न वाचतां पुढील गोष्टी पाहाव्या. दोरी कड्यांतून ओंवून तिच्या टोंकास अर्धा किलोचें वजन बांधावें आणि हळूहळू उचलावें. वांक एकाच जागीं कोनासारखा पडला तर ती काठी ठेवून द्यावी. प्रत्येक कड्याच्या आंतून कापसाचा बोळा फिरवावा. तंतु अडकला तर तेथें चीर आहे, आणि तीच चीर उद्यां दोरी कापील. सांधा बसवितांना सैल वाजूं नये. किती जाडीच्या दोरीसाठीं ती केली आहे हें काठीवर लिहिलेलें असतें. त्याप्रमाणेंच दोरी घ्यावी. आणि ठरविलेली सगळी रक्कम काठीवरच न उधळतां चांगल्या दोरीस व धारदार गळांस राखून ठेवावी. मासा सुटतो तो बहुधा स्वस्त काठीमुळें नव्हे, तर जुनाट दोरीमुळें व बोथट गळामुळें.

एक सूचना मात्र कळकळीची आहे. कार्बनमधून वीज वाहते. आपल्याकडे शेतांवरून आणि तलावांच्या कडेनें विजेच्या तारा गेलेल्या असतात. अशी काठी उभी धरून त्या तारांखालून जाणें अथवा ढग गडगडत असतां ती हातीं धरणें म्हणजे प्राण गहाण टाकणें होय. ओला वेळूही या बाबतींत विश्वासाचा नव्हे. शिवाय बहुतेक तलावांतील मासेमारीचा ठेका मच्छीमारांच्या सहकारी संस्थांकडे असतो. आपला विरंगुळा हा त्यांचा चरितार्थ आहे. म्हणून त्यांची परवानगी घेऊनच पाण्याशीं बसावें, आणि लहान मासा परत सोडावा.

मराठींत ‘गळाला लागणें’ हा वाक्प्रचार फसलेल्या माणसाविषयीं वापरतात. संतांनींही आमिषाला भुललेल्या माशाचा दृष्टांत पुनःपुन्हां दिला आहे. बाजारांत काठी घ्यावयास गेलेल्या माणसानें तो स्वतःच्या संबंधांत आठवावा. कारण तेथें गळ दुकानदाराच्या हातीं असतो आणि आमिष असतें तें चकचकीत नांवाचें. त्यापासून वांचविणारी गोष्ट एकच, ती म्हणजे पारख. आणि ती एके काळीं या मुलखांत राजाजवळही होती व बुरडाजवळही होती. राजाची पारख ग्रंथांत सुरक्षित राहिली. बुरडाची पारख ग्रंथांत नाहीं. ती त्याच्या हातांत आहे, आणि प्लास्टिकच्या टोपल्यांनीं तो हात रिकामा होत चालला आहे. ज्यास थोडक्या पैशांत चांगली काठी हवी असेल त्यानें शहरांतील मोठ्या दुकानाची पायरी चढण्याआधीं एकदां आपल्या गांवच्या बुरूडआळींत जाऊन यावें. तेथें काठी मिळेलच. परंतु चांगली काठी कशी ओळखावी हेंही कळेल, आणि त्या ज्ञानाचा उपयोग पुढें कोणत्याही दुकानांत होईल.