उजेडाचा प्रयोग आणि मुकादमाचे कान

दुसऱ्याच्या मनातले ओळखणे, स्वतःचा राग आवरणे आणि या दोन्हींचा उपयोग माणसांना सोबत घेऊन काम करताना करणे, याला आता 'भावनिक बुद्धिमत्ता' असे नाव आहे. पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली ही संकल्पना मांडली. डॅनियल गोलमन यांच्या १९९५ सालच्या पुस्तकाने ती कचेऱ्याकचेऱ्यांत पोचवली. परंतु वरिष्ठाच्या वागण्याने काम खरोखर सुधारते का, हे मोजून पाहण्याचा मोठा प्रयत्न त्याच्या कितीतरी आधी एका कारखान्यात झाला. सुरुवात मात्र दिव्यांपासून झाली होती.

अमेरिकेत शिकागो शहराला लागून वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न हा कारखाना होता. तेथे टेलिफोनचे साहित्य तयार होई. उजेड वाढवला की उत्पादन वाढते का, हे पाहण्यासाठी १९२४ साली प्रयोग सुरू झाले. उजेड वाढवला, उत्पादन वाढले. कमी केला, तरी ते घटेना. एका प्रयोगात तर दोन कामगार स्त्रिया जवळजवळ चांदण्याइतक्या प्रकाशात काम करत राहिल्या. दिवे बदलण्याचा देखावा करून तेवढ्याच शक्तीचे दिवे पुन्हा बसवले, तेव्हाही नवा उजेड चांगला असल्याचे कामगारांनी सांगितले!

मग उत्पादन कशाने बदलत होते? हे शोधण्यासाठी १९२७ साली पाच तरुण स्त्रियांना वेगळ्या खोलीत बसवण्यात आले. सहावी त्यांना सुटे भाग पुरवी. त्यांचे काम रिले जोडण्याचे. रिले म्हणजे विद्युतप्रवाह जोडणारी-तोडणारी छोटी विद्युतचुंबकीय कळ. त्यात सुमारे ३५ भाग असत, आणि एक रिले जोडायला मिनिटभर लागे. तयार रिले घसरणीत टाकला की कागदी पट्टीवर आपोआप भोक पडे, म्हणजे मोजणीत लबाडीला वाव नव्हता.

कामात विश्रांती दिली, नाश्ता दिला, दिवस लहान केला. प्रत्येक बदलापूर्वी त्यांचे मत विचारले जाई. बोलायला बंदी नव्हती, आणि निरीक्षक मुकादमासारखा डाफरत नसे. दोन-अडीच वर्षांत उत्पादन जवळपास ३० टक्क्यांनी वाढले. १९२८ साली सर्व सवलती काढून घेतल्या, तरी आठवड्याचे एकूण उत्पादन उतरले नाही. हार्वर्डचे एल्टन मेयो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अर्थ लावला की माणसाला माणूस म्हणून वागवले, हेच वाढीचे खरे कारण.

गोष्ट गोड आहे. म्हणूनच जरा थांबून तपासायला हवी.

या खोलीत मजुरीची पद्धतही बदलली होती. पूर्वी मोठ्या विभागाच्या एकत्रित उत्पादनावर पैसे मिळत, आता फक्त पाचजणींच्या. स्वतः हात चालवला तर पैसा स्वतःच्याच पाकिटात. दुसऱ्या एका गटात फक्त मजुरीची ही पद्धत लागू केली, तेव्हा उत्पादन १२ टक्क्यांच्या आसपास वाढले. तिसऱ्या गटात मजुरी जुनीच ठेवून खोली आणि विश्रांती दिली, तेव्हा सुमारे १५ टक्के. शिवाय सवलती काढल्या तेव्हा कामाचे तास वाढले होते; तासाचा वेग थोडा उतरलाच होता. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे १९२८ च्या जानेवारीत, फार बोलतात आणि कमी काम करतात म्हणून, पाचांपैकी दोघींना खोलीतून काढून त्यांच्या जागी दोन चपळ कामगार आणल्या गेल्या. प्रेमळ देखरेखीच्या खोलीतली ही हकालपट्टी पुष्कळ पाठ्यपुस्तकांत सापडत नाही. ॲलेक्स कॅरी यांनी १९६७ साली यावर कडक टीका केली.

दिव्यांच्या मूळ आकड्यांचेही तसेच झाले. स्टीव्हन लेव्हिट आणि जॉन लिस्ट यांनी २०११ साली ते पुन्हा तपासले. उजेडातले बदल रविवारी केले जात आणि सोमवारी उत्पादन चढलेले दिसे. पण बदल न केलेल्या आठवड्यांतही सोमवारी ते शनिवारपेक्षा जास्तच असे. नियंत्रित गट का हवा, हे वर्गात शिकवायला यापेक्षा चांगले उदाहरण आम्हाला तरी माहीत नाही.

मग हॉथॉर्नमधून हाती काय लागले? आमच्या मते, ज्याची चर्चा कमी होते तो भाग. १९२८ ते १९३० या काळात तेथे २१ हजारांहून अधिक कामगारांच्या मुलाखती घेण्यात आल्या. आधी प्रश्नावली ठरलेली होती. पण कामगार प्रश्न सोडून भलतेच बोलत. १९२९ साली पद्धत बदलली. मुलाखतकाराने ऐकायचे, वाद घालायचा नाही, उपदेश करायचा नाही, आणि समोरच्याला सांगायचे आहे पण सांगता येत नाही तेही टिपायचे. एका स्त्रीला बोलता बोलताच उमगले की आपला वरिष्ठ आपल्याला नकोसा वाटतो, कारण तो तिला नावडत्या सावत्र वडिलांसारखा भासतो. तक्रार वरिष्ठाची होती, मूळ घरात होते. केवळ तक्रारीचे शब्द वाचून हे कळले नसते. या मुलाखतींतला मजकूर नावे वगळून मुकादमांच्या प्रशिक्षणात वापरला गेला.

ऐकण्यालाही मर्यादा होत्या. १९३१-३२ मध्ये त्याच कारखान्यात तारजोडणीच्या १४ पुरुष कामगारांचे निरीक्षण झाले. येथे लक्ष देऊन उत्पादन वाढले नाही. दिवसाला किती काम पुरे हे त्यांनी आपसात ठरवलेले होते. कोणी जास्त केले तर दंडावर ठोसा बसे. ते मंदीचे दिवस होते. काम लवकर संपवले तर उद्या आपलीच गरज उरणार नाही, ही भीती खोटी म्हणता येईल का? पुढे मंदीने मुलाखतींचा कार्यक्रमही गुंडाळायला लावला, आणि कामगारकपात झाली.