शिसवी झोपाळा आणि लाखेचा लेप

बडोद्यातील आमच्या जुन्या घरी ओसरीवर शिसवी झोपाळा होता. १९८६ साली घरातील मंगलकार्याच्या निमित्ताने आम्ही त्यास डब्यातले उंची तेल-व्हार्निश लावून घेतले. कार्य पार पडले, पावसाळा लोटला, तरी व्हार्निश वाळेना. आजोबांचे धोतर फळीला चिकटे. रंगाऱ्याने हवेला दोष दिला आणि आम्ही रंगाऱ्याला. अखेर वरची बाजू खरवडून झोपाळा तसाच कोरडा ठेवावा लागला.

दोष हवेचाही नव्हता आणि रंगाऱ्याचाही नव्हता, हे पुष्कळ वर्षांनी उमगले. तेल-व्हार्निश पाण्याप्रमाणे उडून वाळत नाही. हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन ते घट्ट होते. शिसवीच्या गाभ्यात जी नैसर्गिक द्रव्ये असतात, त्यांपैकी काही हा संयोगच रोखून धरतात. सागवानही असेच तेलकट, वरचा लेप सहजासहजी धरून न ठेवणारे. मग या लाकडांना आमच्याकडील कारागिरांनी टिकाऊ चकाकी आणली ती कोणत्या युक्तीने?

या प्रश्नाचा माग काढताना आम्ही सोळाव्या शतकातील गोव्यात जाऊन पोहोचलो. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचा गोव्यात १५६३ साली छापलेला ग्रंथ प्रसिद्धच आहे. त्यात लाखेवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. पण आमच्या कामाचा मजकूर सापडला तो लिन्स्खोटेन या डच प्रवाशाकडे. हा तरुण १५८३ साली गोव्यात आला आणि तेथील आर्चबिशपांच्या पदरी चिटणीस म्हणून काही वर्षे राहिला. १५९६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासग्रंथात त्याने येथील कांतकाम बारकाईने टिपले आहे. लाकूड चरकावर फिरत असतानाच कारागीर त्यावर रंगीत लाखेचा तुकडा धरतो, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडाच्या खाचांत शिरते व नखाएवढ्या जाडीचा थर बसतो, मग सुक्या पात्याने घोटून त्यास काचेसारखी झळाळी आणतात, असा त्याचा आशय आहे. लाखकामात केवड्याचे सुके पान वापरतात, हे ज्यांनी सावंतवाडीस पाहिले असेल त्यांना हे वर्णन वाचून चारशे वर्षांचे अंतर जाणवणारच नाही.

मर्म येथेच आहे. लाख वितळते आणि थंड होताच घट्ट होते. तिला प्राणवायूची गरज लागत नाही. म्हणून लाकडातील तेल तिच्या आड येत नाही. पूर्वीच्या बडोदे संस्थानातील संखेडे येथे खरादी मंडळींनी सागवानावर हीच विद्या चालवली आणि कथलाची नक्षी, अकीकाने घोटणे व लाखेचा लेप यांतून आपले पाळणे-झोपाळे देशभर पोहोचवले.

झोपाळ्याची सपाट फळी मात्र चरकावर चढत नाही. तिला चपडीच हवी, म्हणजे शुद्ध केलेली लाख स्पिरिटमध्ये विरघळवून बोळ्याने चोळलेली. स्पिरिट उडून जाते, लाख उरते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी युरोपात ही रीत लोकप्रिय झाली आणि 'फ्रेंच पॉलिश' म्हणून आमच्याकडे परत आली. माल आमचा, नाव फ्रान्सचे!

लाखेची उणीवही सांगितली पाहिजे. गरम भांड्याने तिच्यावर पांढरे वळे उमटते आणि स्पिरिट सांडले की ती विरघळते. म्हणून आज लाखेचा पातळ थर आधी देऊन त्यावर व्हार्निश चढवतात. लाखेत स्वभावतः सुमारे पाच टक्के मेण असते व त्यावर काही आधुनिक व्हार्निश नीट धरत नाहीत. यासाठी मेण काढलेली चपडी घ्यावी लागते.

निवृत्तीनंतर संखेड्यातील एका वृद्ध खराद्यास आम्ही झोपाळ्याची हकीकत सांगितली. तो हसून गुजरातीत म्हणाला, "साहेब, आधी लाख, मग बाकीचे." २०१९ च्या दिवाळीपूर्वी आम्ही फळी स्पिरिटने पुसून घेतली, मेणविरहित चपडीचे दोन हात दिले आणि त्यावर व्हार्निश लावले. ते दोन दिवसांत खडखडीत वाळले. फळीच्या खालच्या अंगास १९८६ चा थर तसाच आहे; त्यावर नखाने अजून ओरखडा उठतो.