दप्तर रिकामे करताना

‘दफ्तर’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. मराठीत त्याचा ‘दप्तर’ झाला आणि त्याला दोन अर्थ चिकटले. एक म्हणजे कागदपत्रांचा साठा, दुसरा म्हणजे शाळकरी पोराची पिशवी. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे गठ्ठे कापडात बांधून ठेवले आहेत. त्या गठ्ठ्याला ‘रुमाल’ म्हणतात. आजच्या घरातले दप्तर म्हणजे संगणकाची हार्ड डिस्क. फरक इतकाच की कागदाचा रुमाल टाकायचा तर निदान तो उचलावा लागतो, हाताला त्याचे वजन कळते. डिस्कवरचा रुमाल न सोडता, न उचलता, एका बोटाने फेकता येतो.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. त्यामुळे संगणक दुरुस्ती हे माझे काम नाही, तरी पालक विचारतात, “सर, जागा भरली म्हणतोय, काय काढू?” प्रश्न तांत्रिक वाटतो, पण त्यामागे मोठा इतिहास आहे. जागा कमी पडली की माणसाने काय पुसले आणि काय ठेवले, याचा हा इतिहास.

जुन्या मराठी शाळेत धूळपाटी होती, उर्दू शाळेत तख्ती. लाकडी तख्ती मुलतानी मातीने सारवायची, बोरूने लिहायचे, धुवायची, पुन्हा लिहायचे. चर्मपत्राचेही तेच. कातडे महाग, म्हणून जुना मजकूर धुऊन त्यावर नवा लिहीत. येमेनमधील सनाच्या मोठ्या मशिदीत १९७२ साली दुरुस्तीच्या वेळी जुन्या पानांचा साठा सापडला. त्यात कुरआनच्या एका अतिप्राचीन प्रतीची पाने होती. ती पाने धुऊन त्यांवर पुन्हा कुरआनच लिहिलेला होता. खालची पुसलेली अक्षरे अतिनील प्रकाशात अभ्यासकांना वाचता आली. पुसले म्हणजे गेले असे नसते, हे संगणकाच्या कितीतरी आधी चर्मपत्राने दाखवून दिले होते.

संगणकाची पहिली हार्ड डिस्क आयबीएमने १९५६ मध्ये बाजारात आणली. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या, यंत्राचे वजन टनाच्या पुढे, आणि मावणारी अक्षरे सुमारे ५० लाख. आज मोबाइलवर काढलेले दोन-तीन चांगले फोटो तेवढी जागा खातात. अशा काळात एकेका अक्षराची काटकसर व्हायची. पंच कार्डावर ८० रकाने असत, म्हणून सालाचे चार आकडे न लिहिता दोनच लिहायची सवय लागली. १९६५ ऐवजी ६५. दोन अक्षरांची बचत. पुढे डिस्क मोठ्या झाल्या, पण सवय राहिली. २००० साल जवळ आले तेव्हा ‘००’ म्हणजे १९०० की २००० हे यंत्राला कळेना. ते निस्तरायला जगभरात अब्जावधी डॉलर खर्च झाले. जागा वाचवण्याचाही हिशेब चुकवावा लागतो, कधी कधी मुलांच्या पिढीला.

दुसरा दाखला चंद्राचा. १९६९ मध्ये अपोलो ११ चंद्रावर उतरले. तिथून थेट आलेले चित्रण ज्या मूळ चुंबकीय फितींवर नोंदले होते, त्या फिती नंतर शोधूनही सापडल्या नाहीत. नासाने २००९ मध्ये सांगितले की फितींची टंचाई असताना त्या पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात. दूरचित्रवाणीसाठी रूपांतर केलेले चित्रण उरले, म्हणून जगाला ते दृश्य ठाऊक आहे. मूळ, अधिक स्पष्ट चित्रण मात्र गेले. पुसणाऱ्यांच्या मनात काही वाईट नव्हते. त्यांना फक्त रिकामी फीत हवी होती.

घरातल्या संगणकावर हीच टंचाई १९९० नंतर आली. १.४४ एमबीची फ्लॉपी आणि लहानशी डिस्क. १९९३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एमएस-डॉस ६ सोबत ‘डबलस्पेस’ दिले. फाइली दाबून बसवायच्या आणि त्याच डिस्कवर जवळपास दुप्पट माल ठेवायचा. १९९५ च्या विंडोजमध्ये ‘रिसायकल बिन’ आली. म्हणजे काढलेली फाइल आधी टोपलीत, मग बाहेर. टोपली रिकामी केली नाही तर जागा मोकळी होत नाही, हे आजही अनेकांना सांगावे लागते.

त्या काळात टोपली रिकामी केल्यावरही आशा असे. संगणक फाइल खरवडून काढत नसे. तो सूचीतल्या नावावर काट मारी आणि ती जागा ‘मोकळी’ म्हणून नोंदवी. नवा मजकूर वर येईपर्यंत जुना खाली तसाच. १९८२ मध्ये पीटर नॉर्टन यांनी फाइल परत आणणारे साधन विकले ते याच जोरावर. आता घरोघरी एसएसडी आल्या. विंडोज ७ पासून फाइल काढली की डिस्कला तसे कळवले जाते आणि ती त्या जागा आतून साफ करून ठेवते. सनाच्या पानांसारखी खालची अक्षरे वाचायची संधी जवळपास संपली. जागा स्वस्त झाली, पण पुसणे आता खरोखरचे पुसणे झाले आहे.

आता आपल्या लिपीकडे येतो. उर्दूची नस्तालीक लिपी दीर्घकाळ कातिबांच्या हातावर चालली. मिर्झा अहमद जमील यांनी घडवलेल्या नूरी नस्तालीकमुळे १९८१ मध्ये पाकिस्तानातल्या ‘जंग’ने संगणकावर जुळवलेले उर्दू पान छापले. १९९४ मध्ये दिल्लीहून ‘इनपेज’ आले आणि भारतातल्या उर्दू छपाईचे रूप पालटले. मराठीतही श्रीलिपीसारख्या संचांनी तेच केले. पण जुन्या इनपेजची आणि जुन्या मराठी फॉन्टची अक्षरे त्यांच्या त्यांच्या सांकेतिक पद्धतीत बसलेली. १९९१ पासून युनिकोड होते, त्यात अरबी लिपीही होती, देवनागरीही. आपल्या टंकलेखकांपर्यंत ते पोचायला मात्र बरीच वर्षे लागली. मधल्या काळात लिहिलेल्या फाइलींचा फॉन्ट किंवा प्रोग्राम काढून टाकला की मजकूर जागेवर असूनही मुका होतो. पडद्यावर नुसती चिन्हे दिसतात.

मागच्या वर्षी एका घरी हेच पाहिले. निवृत्त होऊन पुढे वारलेल्या एका शिक्षकांचा संगणक. मुलगा म्हणाला, “अब्बांच्या या फाइली खराब झाल्यात सर, उघडतच नाहीत. काढून टाकतो.” आम्ही इनपेज टाकून त्या उघडल्या. गावातल्या शाळेच्या आठवणी होत्या, १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या बायकांची हकिकत होती, मोहर्रमच्या सवारीला नवस बोलणाऱ्या मराठा, मुलाणी, मातंग घरांची नावे होती. सगळे मिळून एक एमबीही भरत नव्हते. त्याच डिस्कवर लग्नाचे तेच ते व्हिडिओ तीन वेळा साठवलेले होते.

थोडा हिशेब करू. छापील पानावर साधारण दोन हजार अक्षरे धरा. युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे एक चिन्ह तीन बाइट घेते. म्हणजे एक पान सहा केबी, आणि दोनशे पानांचे पुस्तक सव्वा एमबीच्या आत. मोबाइलवरचा चांगल्या प्रतीचा एक मिनिटाचा व्हिडिओ सहज शंभर एमबी होतो. एक मिनिट चलचित्र म्हणजे ऐंशी पुस्तके! लिहिलेला मजकूर काढून कोणाचीही डिस्क मोकळी होत नाही. तो काढला जातो तो केवळ ओळखू येत नाही म्हणून.

म्हणून विचारणाऱ्यांना मी क्रम सांगतो. आधी फाइली आकाराने लावा, नावाने नव्हे. दुबार व्हिडिओ, वापरात नसलेले खेळ, तात्पुरत्या फाइली पहिल्यांदा काढा. विंडोजच्या तात्पुरत्या फाइलींच्या यादीत ‘डाउनलोड्स’ हे नावही असते. त्यावर खूण करण्याआधी आत डोकावा, कारण घरातले निम्मे कागद तिथेच पडलेले असतात. न उघडणारी लहान फाइल दिसली तर तिची तारीख पाहा. ती २००० च्या आसपासची असेल तर घरातल्या कोणाचे तरी लेखन असण्याची शक्यता आहे. ती युनिकोडमध्ये बदलून घ्या, एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा, एक छापून घ्या. मगच जुना प्रोग्राम काढा.

महाराष्ट्रातल्या मुसलमानांचा गावपातळीवरचा इतिहास फारसा ग्रंथांत नाही. तो स्मरणिकांत आहे, जमातीच्या हिशेबवह्यांत आहे, आणि गेल्या तीस वर्षांचा तर अशाच घरगुती संगणकांवर आहे. उद्या कोणी आपल्या वस्तीचा इतिहास लिहायला बसला आणि त्याला काही सापडले नाही, तर दर वेळी दोष इतिहासकारांचा नसेल. पेशवे दप्तर टिकले, कारण रुमालात काय आहे हे ठाऊक नसतानाही कोणी तरी ते बांधून ठेवले. आपल्या घरातले रुमाल लहान आहेत. त्यांना जागाही फार लागत नाही.