वापरकर्त्याने दिलेला आकार आणि सी भाषेतील ॲरे

सी शिकू लागलेल्या विद्यार्थ्याच्या वहीत एक प्रोग्रॅम हमखास सापडतो. पहिल्या ओळीत ‘एन’ हे पूर्णांकी चल, दुसरीत ‘एन’ घटकांचा ॲरे आणि तिसरीत स्कॅनएफने ‘एन’ची किंमत विचारलेली. बीजगणिताच्या सवयीने पाहिले तर यात काही चुकल्यासारखे वाटत नाही. तिथे ‘एन’ची किंमत मागाहून सांगितली तरी चालते. सीमध्ये विधाने क्रमाने अमलात येतात. ॲरे जाहीर होताना ‘एन’मध्ये जे असेल त्यावर आकार ठरतो, आणि त्या वेळी तिथे अनिश्चित कचरा असतो. पुढे ‘एन’ बदलला तरी ॲरे वाढत नाही.

ओळींचा क्रम सुधारला तरी प्रश्न मिटत नाही. १९८९ च्या प्रमाण सीमध्ये आकार हा स्थिरांकच लागे. म्हणून आपल्याकडच्या महाविद्यालयांत दीर्घकाळ चाललेला टर्बो सी इथेच अडतो. १९९९ च्या प्रमाणाने चल आकाराचे ॲरे आणले, २०११ मध्ये ते ऐच्छिक झाले. जीसीसी ते स्वीकारतो, मायक्रोसॉफ्टचा कंपायलर स्वीकारत नाही.

खरा धोका मात्र वेगळाच आहे. असा ॲरे सहसा स्टॅकवर बसतो आणि स्टॅक मर्यादित असतो: लिनक्सवर बहुधा ८ एमबी, विंडोजवर मूळ मर्यादा १ एमबी. चार बाइटचा एक पूर्णांक धरला तर दहा लाख घटकांना सुमारे ४ एमबी लागतात. म्हणजे तोच आकडा एका यंत्रावर निभावतो आणि दुसऱ्यावर प्रोग्रॅम कोसळतो. जागा अपुरी आहे हे आधी कळण्याची सोयही भाषा देत नाही. लिनक्स कर्नलमधून असे ॲरे २०१८ पर्यंत काढून टाकले गेले, यामागे हेही एक कारण होते.

अशा ॲरेऐवजी मॅलॉक हे फंक्शन वापरता येते. मॅलॉक हीपमधून, म्हणजे स्टॅकबाहेरच्या मेमरीतून, जागा मागतो आणि ती मिळाली नाही तर नल पॉइंटर परत देतो. तपासण्याजोगे उत्तर मिळते, हा त्याचा मोठा गुण. पण मागणी योग्य आहे का, हे त्याला कळत नाही. वापरकर्त्याने उणे एक दिला, तर घटकाचा आकार सांगणाऱ्या साइझऑफशी गुणताना त्याची प्रचंड धन संख्या होते. फारच मोठा आकडा आला, तर गुणाकार मर्यादा ओलांडून उलट लहान होऊ शकतो. मग जागा थोडी मिळते आणि लिहिणे तिच्या बाहेर जाते. अक्षरे टंकली, तर स्कॅनएफ शून्य परत देतो आणि ‘एन’ला हातही लावत नाही. माझ्या मते या विषयाचा गाभा इथे आहे. ॲरे कसा जाहीर करावा हे दुय्यम. बाहेरून आलेला आकडा मेमरीपर्यंत पोहोचण्याआधी कोणी तपासला, हे महत्त्वाचे.

म्हणून शिकवणाऱ्यांना आग्रहाची विनंती आहे: मॅलॉकचा पहिला धडा देतानाच स्कॅनएफने परत दिलेली किंमत, ‘एन’ची खालची व वरची मर्यादा, नलची तपासणी आणि शेवटी जागा परत करणारा फ्री या चारही गोष्टी फळ्यावर लिहा. पुढच्या सत्रासाठी त्या राखून ठेवू नका.