पेशी विभागताना गुणसूत्रे केव्हा आणि कशी सुटतात?

दोन होण्यापूर्वी तुमच्या शरीरातील पेशी आपल्या ४६ गुणसूत्रांची प्रत काढते. मूळ गुणसूत्र आणि त्याची प्रत लगेच वेगळी होत नाहीत. कोहेसिन नावाचे कडीसारखे प्रथिन त्यांना बांधून ठेवते. मग पेशीच्या दोन टोकांकडून आलेले सूक्ष्म धागे प्रत्येक जोडीला दोन बाजूंनी पकडतात. सगळ्या जोड्या नीट पकडल्या गेल्यावरच कड्या तुटायला हव्यात. एकही राहिली, तर एका पेशीत गुणसूत्र जास्त जाऊ शकते आणि दुसरीत कमी.

ही वेळ पेशी प्रथिनांवर रासायनिक खुणा लावून साधते. एक खूण फॉस्फेटची. दोन्ही धागे चुकून एकाच टोकाकडचे असले तर जोडीवर ताण येत नाही. तेव्हा ऑरोरा बी हे विकर जोडणीच्या प्रथिनांवर फॉस्फेट चढवते, पकड सुटते आणि पुन्हा प्रयत्न होतो.

दुसरी खूण युबिक्विटिनची. कडी कापणारे सेपरेज हे विकर एरवी सेक्युरिनने जखडलेले असते. शेवटची जोडी जागेवर आली की सेक्युरिनवर युबिक्विटिनची साखळी लावली जाते, प्रोटिअसोम त्याचे तुकडे करते आणि मोकळे झालेले सेपरेज कड्या कापते. इथून माघार नाही. युबिक्विटिनद्वारे प्रथिने नष्ट होण्याच्या या शोधाला २००४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

स्त्रीबीजाचे मात्र वेगळे आहे. मुलगी आईच्या पोटात असतानाच तिच्या बीजांत कड्या बसतात आणि विभाजन पुढे पंचवीस, कधी चाळीस वर्षांनी पुरे होते. मधल्या काळात या कड्या जवळजवळ बदलल्या जात नाहीत, असे उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे. त्या कड्यांवर फॉस्फेट चढू न देणारे शुगोशिन हे रक्षक प्रथिनही वयाबरोबर कमी होते. म्हणूनच डाऊन सिंड्रोम असलेले बाळ होण्याची शक्यता आईच्या पंचविशीत सुमारे १,२५० त एक, पस्तिशीत ३५० त एक आणि चाळिशीत १०० त एक असते.

ग्रहणात भाजी चिरली म्हणून असे झाले का, हा प्रश्न आजही विचारला जातो. नाही. जादा २१ वे गुणसूत्र बहुतेक वेळा स्त्रीबीजातूनच आलेले असते. गरोदरपणातील खाण्यावागण्याने ते येत नाही. तरुण आईच्या बाबतीतही हे घडू शकते, म्हणून वय कितीही असले तरी ११ ते १३ आठवड्यांतील सोनोग्राफी आणि रक्ततपासणीबद्दल तुमच्या डॉक्टरांना विचारा. त्यातून फक्त जोखीम कळते; खात्रीच्या निदानासाठी वारेचा नमुना किंवा गर्भजल तपासावे लागते.