हिरा गहाण ठेवणारं घर

हर्सूलच्या बचत गटांची सहयोगिनी बोलतेय.

आयपीएल लागली की टीव्हीवर संघांचे मालक दिसतात. आज सांगते ती गोष्ट अशा एका कारखानदाराची, ज्याने एकही संघ विकत घेतला नाही, पण खेळाडूंना जगापुढे नेलं.

दोराबजी टाटा हे जमशेटजी टाटांचे थोरले चिरंजीव. वडील १९०४ साली वारले. त्यांचं पोलादाच्या कारखान्याचं अपुरं राहिलेलं स्वप्न दोराबजींनी जमशेदपूरला पुरं केलं.

दोराबजींना खेळाचं वेड. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे ते अध्यक्ष होते. तिथल्या शर्यतीत त्यांनी शेतकऱ्यांची पोरं अनवाणी पळताना पाहिली. ही पोरं परदेशात का पळू नयेत, असं त्यांच्या मनात आलं. १९२० साली बेल्जियममधल्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा संघ गेला, त्याच्या खर्चाला दोराबजींनी हात दिला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले. पुढे १९२७ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना झाली, तिचे पहिले अध्यक्ष दोराबजीच.

त्यांच्या पत्नी मेहेरबाई साडी नेसून टेनिस खेळायच्या आणि बक्षिसं जिंकायच्या. मुलींचं शिक्षण व्हावं, बालविवाह थांबावेत म्हणून त्या बोलत राहिल्या. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचं वय १४ ठरलं, त्यासाठीही त्या झटल्या. आज हे वय १८ आहे. तरी आपल्या मराठवाड्यात किती लग्नं त्याआधी लागतात, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

मेहेरबाईंकडे ज्युबिली नावाचा हिरा होता, २४५ कॅरेटचा. कोहिनूरच्या दुपटीहून मोठा. १९२४ साली पोलाद कारखान्यावर वाईट वेळ आली. कामगारांच्या पगारालाही पैसे उरले नाहीत. तेव्हा दोराबजींनी आपली सगळी खासगी मालमत्ता इंपीरियल बँकेकडे गहाण ठेवली आणि १ कोटी रुपये उचलले. त्यात हा हिराही गेला. कारखाना तगला, कर्ज फिटलं.

बायांनो, दागिना गहाण ठेवणं आपल्याला नवं नाही. पेरणीला, दवाखान्याला, लग्नाला आपलं डोरलं सावकाराकडे जातं. पण जायच्या आधी दोन गोष्टी विचारायच्या. पैसा कशात घालणार? आणि फेडणार कशातून? ज्या कर्जातून कमाई उभी राहते ते दागिना परत आणतं. मानपानात गेलेलं कर्ज दागिनाही नेतं आणि व्याजही मागतं. म्हणून आधी गटाच्या बैठकीत बोला, गटाचं अंतर्गत कर्ज मिळतं का ते बघा.

१९३१ साली मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. पुढच्याच वर्षी दोराबजींनी या रोगाच्या संशोधनासाठी पत्नीच्या नावाने एक न्यास काढला आणि आपली संपत्ती दुसऱ्या न्यासाला दिली. त्याच वर्षी तेही गेले. नंतर तो हिरा विकला आणि पैसा न्यासात आला. या न्यासाच्या पैशातूनच १९४१ साली मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उभं राहिलं. आपल्या गावातलं कुणी ना कुणी तिथं उपचाराला जाऊन आलेलं असतंच.

पुढच्या बैठकीत एवढं करा. गटातल्या कुणाकुणाचा दागिना सध्या गहाण आहे, किती व्याजाने आहे, ते वहीत लिहून काढा. तो सोडवायची सुरुवात तिथूनच होईल.